छटा बदलते तिथे काय बदलते?
संगणकावर शास्त्रीय आकृत्या रंगवणाऱ्यांसाठी

चंद्रग्रहणाची आकृती शाळेत आपण सगळ्यांनीच काढली आहे. डावीकडे सूर्य, मध्ये पृथ्वी, तिच्यामागे निमुळती होत गेलेली काळी प्रच्छाया आणि दोन्ही अंगांना पसरत गेलेली करडी उपच्छाया. पेन्सिलीने दोन छटा भरल्या, एक गडद आणि एक फिकी, की आकृती पूर्ण.

आता ती आकाशाशी ताडून पाहा. छायाकल्प चंद्रग्रहण लागते तेव्हा चंद्राची कड उपच्छायेत शिरते, पण डोळ्यांना काहीच जाणवत नाही. चंद्राचा बराच भाग आत गेल्यावर एका बाजूला थोडा मळकटपणा दिसू लागतो. याचे कारण साधे आहे: उपच्छायेच्या बाहेरच्या सीमेवर प्रकाश एकदम तुटत नाही, तो हळूहळू कमी होत जातो. आकृतीत मात्र त्याच जागी पांढऱ्याला लागून करड्या रंगाची धारदार कड असते. विद्यार्थी ती कड खरी मानतो आणि आकाशात शोधत बसतो.

शास्त्रीय आकृतीत छटा भरण्याचा सगळा विचार या उदाहरणात आला. छटा जिथे एकदम बदलते, तिथे वाचक गृहीत धरतो की प्रत्यक्षातही काहीतरी एकदम बदलले आहे. छटा जिथे हळूहळू बदलते, तिथे तो समजतो की मधली सगळी मूल्ये आपल्याला माहीत आहेत. ही दोन्ही विधाने आकृती काढणाऱ्याच्या नावावर जमा होतात, त्याने ती जाणूनबुजून केलेली असोत वा नसोत. म्हणून संगणकावर आकृती काढताना प्रत्येक कड आणि प्रत्येक उतरती छटा आपण ठरवून काढायला हवी. ते कसे करायचे, हे या लेखात पाहू.

साधन कोणते घ्यावे

मोजमापांवरून किंवा सूत्रावरून आकृती काढायची असेल, तर पायथन भाषेतील मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी घ्या. जॉन हंटर यांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत नोंदी पाहण्याच्या गरजेतून ती लिहायला घेतली आणि 2003 मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. ती मोफत आहे आणि तिची उदाहरणे मुबलक मिळतात. आकृती निव्वळ भौमितिक असेल, म्हणजे भिंग, किरण, लोलक किंवा उपकरणाचा छेद असेल, आणि लेख लेटेकमध्ये लिहीत असाल, तर टिक्झ सोयीचे पडते. त्रिमितीय आकृती सदिश रूपात, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी हवी असेल, तर असिम्प्टोट शिकून घ्यावे. ग्नूप्लॉट 1986 पासून चालत आले आहे आणि झटपट आलेखासाठी आजही उत्तम आहे.

पुढची उदाहरणे मॅटप्लॉटलिबची आहेत. तत्त्वे सगळीकडे तीच लागू पडतात. आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची.

आज्ञा लिहिण्याआधी एक निर्णय मात्र घ्या. छटा तीन प्रकारची कामे करते. ती क्षेत्र दाखवते: या वक्राखालचा एवढा भाग. ती मूल्य दाखवते: इथे तापमान जास्त, तिथे कमी. किंवा ती आकार दाखवते: हा गोल आहे, ही दरी आहे. एका छटेला एकच काम द्यावे. दोन कामे द्यावीच लागली, तर कोणते काम रंगाकडे आणि कोणते उजळपणाकडे, हे आधी ठरवून घ्यावे.

क्षेत्र भरताना

दोन वक्रांमधला भाग भरण्यासाठी ‘फिल_बिटवीन’ ही आज्ञा आहे. तिला क्ष-अक्षावरचे बिंदू, खालचा वक्र आणि वरचा वक्र द्यायचा. ठरावीक भागच भरायचा असेल तर ‘व्हेअर’ या पर्यायात अट लिहायची.

सामान्य वितरणाचा घंटेसारखा वक्र घ्या. मध्यापासून प्रमाण विचलनाच्या 1.96 पटीच्या पलीकडची दोन्ही टोके भरायची आहेत; प्रत्येक टोकात एकूण क्षेत्राच्या 2.5 टक्के भाग येतो. इथे हमखास होणारी गडबड अशी: क्ष-अक्षावर बिंदू विरळ घेतले, तर भरलेला भाग 1.96 वर न थांबता त्यानंतरच्या बिंदूपासून सुरू होतो. सीमा चुकीच्या जागी पडते. उपाय सोपा आहे. टोकासाठी बिंदूंची वेगळी यादी बनवा आणि तिची सुरुवात नेमकी 1.96 पासून करा. दोन वक्र एकमेकांना छेदत असतील आणि छेदाच्या दोन बाजूंना वेगळ्या छटा हव्या असतील, तर ‘इंटरपोलेट’ हा पर्याय चालू ठेवा. मग छेदनबिंदू गणिताने काढला जातो आणि दोन छटांच्या मध्ये पांढरी फट राहत नाही.

दुसरी काळजी पारदर्शकतेची. ‘अल्फा’ 0.3 ठेवून दोन क्षेत्रे भरली आणि ती एकमेकांवर आली, तर सामाईक भागाची दाटी 0.51 होते, कारण 0.7 गुणिले 0.7 बरोबर 0.49 एवढीच पार्श्वभूमी तिथे उरते. वाचकाला तिथे तिसरे क्षेत्र दिसते. तो सामाईक भाग खरोखर महत्त्वाचा असेल, जसे दोन गटांची समान मूल्ये, तर उत्तमच. त्याला नाव द्या. तसे नसेल तर एक क्षेत्र छटेने भरा आणि दुसरे ‘हॅच’ वापरून तिरक्या रेघोट्यांनी भरा.

तिसरी काळजी अनिश्चितता दाखवणाऱ्या पट्ट्याची. मोजमापांच्या रेषेभोवती फिका पट्टा काढण्याची पद्धत चांगली आहे, पण तो पट्टा प्रमाण विचलनाचा आहे, सरासरीच्या प्रमाण त्रुटीचा आहे की 95 टक्के विश्वासांतराचा, हे लिहिल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. तिन्हींची रुंदी वेगवेगळी असते. शिवाय पट्ट्याला काठाची रेघ देऊ नका. त्याची ‘लाइनविड्थ’ शून्य ठेवा. काठ ठळक केला की पलीकडचे मूल्य अशक्यच आहे असे वाटू लागते, आणि कोणतेही विश्वासांतर असे सांगत नाही.

मूल्य दाखवताना

पृष्ठभागावर पसरलेली राशी दाखवायला ‘इमशो’, ‘पीकलरमेश’ आणि ‘कंटूरएफ’ या आज्ञा वापरतात. यातला मुख्य प्रश्न रंगपट्टीचा.

‘जेट’ ही इंद्रधनुषी रंगपट्टी अनेक वर्षे सगळीकडे चालली. ती आकर्षक दिसते, पण तिचा उजळपणा समान गतीने वाढत नाही. आकाशी आणि पिवळ्या रंगापाशी डोळ्यांना झळकणारे पट्टे दिसतात. तिथे राशीत काहीच घडलेले नसते, तरी सीमा असल्याचा भास होतो. म्हणून मॅटप्लॉटलिबने 2017 च्या आवृत्ती 2.0 पासून ‘व्हिरिडिस’ ही रंगपट्टी आपोआप वापरायला सुरुवात केली. तिचा उजळपणा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकसारखा वाढतो. झेरॉक्स काढली तरी क्रम टिकतो आणि लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या वाचकालाही ती वाचता येते.

राशीला मध्यबिंदू असेल, उदाहरणार्थ सरासरीपेक्षा कमी किंवा जास्त पाऊस, तर मध्ये पांढरी आणि दोन्ही टोकांना वेगळ्या रंगांची पट्टी घ्या. अशा वेळी किमान आणि कमाल मर्यादा शून्याच्या दोन्ही बाजूंना समान ठेवा. तसे केले नाही तर पांढरा रंग भलत्याच मूल्यावर जाऊन बसतो आणि सरासरीइतका पाऊस झालेला तालुका दुष्काळी दिसतो.

आता सातारा जिल्ह्याचा विचार करा. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो 500 च्या आसपास असतो. साधी, समान अंतरांची रंगपट्टी लावली तर सगळा पूर्व भाग एकाच रंगात बुडतो. 400 आणि 700 मिलिमीटरमधला फरक, जो तिथल्या शेतकऱ्यासाठी ज्वारी हाती लागते की नाही हे ठरवतो, नकाशावर दिसतच नाही. इथे ‘बाउंडरीनॉर्म’ वापरून असमान टप्पे द्यावेत: 500, 700, 1,000, 2,000, 4,000 असे. किंवा ‘लॉगनॉर्म’ वापरून पटींचा क्रम घ्यावा. टप्पे दिले की कडा येणारच. म्हणून ते टप्पे गोल आकडे आहेत म्हणून निवडू नका. पीकपद्धती किंवा टंचाईचे निकष यांच्याशी ते जुळतात का, ते पाहा.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. समजा तुमच्याकडे मोजक्या पर्जन्यमापकांच्या नोंदी आहेत. संगणक मधल्या सगळ्या जागा गुळगुळीत छटेने भरून देईल. पण महाबळेश्वरहून पूर्वेला वाईपर्यंत जेमतेम पंचवीस किलोमीटर हवाई अंतरात पाऊस काही पटींनी घटतो, आणि ती घट कोणत्या डोंगरापाशी कशी होते हे मधे पर्जन्यमापक असल्याशिवाय कळत नाही. अशा नकाशावर केंद्रांचे ठिपके दाखवलेच पाहिजेत. त्यावरून वाचकाला कळते की मोजलेले किती आणि भरून काढलेले किती.

ग्रहणाची आकृती नव्याने

आता सुरुवातीची आकृती नीट काढू. प्रच्छायेची लांबी समरूप त्रिकोणांवरून निघते. सूर्याची त्रिज्या सुमारे 6,96,000 किलोमीटर, पृथ्वीची 6,371, दोघांमधले अंतर सुमारे 14.96 कोटी. यावरून प्रच्छाया पृथ्वीमागे सुमारे 13.8 लाख किलोमीटर जाऊन बिंदूत संपते. चंद्राच्या अंतरावर, म्हणजे सुमारे 3.84 लाख किलोमीटरवर, प्रच्छायेचा व्यास अंदाजे 9,200 आणि उपच्छायेचा 16,300 किलोमीटर असतो. चंद्राचा व्यास 3,474 किलोमीटर असल्यामुळे तो प्रच्छायेत सहज मावतो.

हे प्रमाणात काढता येईल का? पृथ्वी 1 सेंटिमीटरची काढली तर चंद्र 30 सेंटिमीटरवर येतो आणि 109 सेंटिमीटर व्यासाचा सूर्य सुमारे 117 मीटरवर. कागदावर हे बसणे अशक्य. तेव्हा अंतरे आटवून काढावी लागतात आणि ‘आकृती प्रमाणात नाही’ हे खाली लिहावे लागते.

पहिली पद्धत बहुभुजांची. चार स्पर्शरेषा काढा, त्यांच्यातला बाहेरचा भाग ‘फिल’ने फिका भरा आणि त्यावर प्रच्छायेचा त्रिकोण गडद भरा. कोणता थर वर यावा हे ‘झेड-ऑर्डर’ने ठरते, पृथ्वीचे वर्तुळ सर्वांत वर ठेवा. किरण कसे जातात एवढेच शिकवायचे असेल, तर ही आकृती पुरेशी आहे.

दुसरी पद्धत प्रत्यक्ष प्रकाशाची. पृथ्वीमागच्या जागेवर बारीक ग्रिड टाका. प्रत्येक बिंदूवरून सूर्य किती मोठा दिसतो, पृथ्वी किती मोठी दिसते आणि त्यांच्या केंद्रांमध्ये किती कोन दिसतो, हे काढा. केंद्रांमधला कोन दोन्ही कोनीय त्रिज्यांच्या बेरजेहून जास्त असेल तर पूर्ण प्रकाश. पृथ्वीची त्रिज्या वजा सूर्याची त्रिज्या यापेक्षा तो कमी असेल तर प्रच्छाया. मधल्या सगळ्या जागी दोन वर्तुळांच्या सामाईक क्षेत्राच्या सूत्राने सूर्यबिंबाचा किती हिस्सा झाकला ते निघते. उरलेला हिस्सा ‘इमशो’ने करड्या रंगपट्टीत दाखवा. हा कोड विसेक ओळींत होतो.

चित्र समोर आले की उपच्छायेची बाहेरची कड विरून गेलेली दिसते आणि आतली बाजू प्रच्छायेकडे झुकत गडद होत जाते. छायाकल्प ग्रहण डोळ्यांना का कळत नाही, हे विद्यार्थ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एक टीप मात्र खाली द्यावी: या गणितात पृथ्वीचे वातावरण धरलेले नाही. खग्रास ग्रहणात चंद्र तांबूस दिसतो तो वातावरणातून वळून आलेल्या प्रकाशामुळे.

आकार दाखवताना

सपाट कागदावर उठाव दाखवण्याचे मूळ सूत्र योहान हाइनरिश लाम्बर्ट यांनी 1760 मध्ये मांडले. खडबडीत, न चकाकणाऱ्या पृष्ठभागाला मिळणारा उजेड हा पृष्ठभागाची लंबदिशा आणि प्रकाशाची दिशा यांच्यातील कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात असतो. गोल काढायचा तर वर्तुळातल्या प्रत्येक बिंदूवर लंबदिशा काढा, प्रकाशदिशेशी तिचा अदिश गुणाकार करा, ऋण उत्तर आले तर शून्य धरा. टिक्झमध्ये ‘बॉल कलर’ लिहिले की गोलाचा भास देणारी छटा तयार मिळते. अणूंच्या प्रतिकृतीसाठी ती ठीक आहे, पण चंद्रकलांसाठी वापरू नका. तिथे उजेड-अंधाराची सीमा सूर्याच्या दिशेवरून यायला हवी, आणि ‘बॉल कलर’ला सूर्य कुठे आहे हे माहीतच नसते.

भूरूपांसाठी मॅटप्लॉटलिबमध्ये ‘लाइटसोर्स’ आहे. आपण वेगळे काही सांगितले नाही तर प्रकाश वायव्येकडून, म्हणजे 315 अंशांवरून, आणि क्षितिजापासून 45 अंश उंचीवरून येतो असे धरले जाते. महाराष्ट्रात सूर्य वायव्येला एवढ्या उंचीवर कधीच नसतो. तरीही नकाशाकारांचा हा संकेत उपयोगी आहे, कारण चित्र पाहताना उजेड वरून, डावीकडून येतो असे आपला डोळा गृहीत धरतो. प्रकाश खालून दिला तर अनेकांना दऱ्या डोंगरासारख्या आणि डोंगर दऱ्यांसारखे दिसू लागतात.

सह्याद्रीवर हे करून पाहा. उंचीची माहिती मोफत मिळते: फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर अवकाशयानाने रडारने केलेली एसआरटीएम मोजणी, किंवा इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरील कार्टोडेम. दोन्हींमध्ये बिंदूंचे अंतर सुमारे 30 मीटर असते. इथे एक सापळा आहे. फाइलमधली अंतरे बहुधा अंशांत असतात आणि उंची मीटरमध्ये. ती तशीच दिली तर प्रत्येक टेकडी सरळ भिंत होते. एका अंशाचे दक्षिणोत्तर अंतर सुमारे 111 किलोमीटर आणि 18 अंश अक्षांशावर पूर्व-पश्चिम अंतर सुमारे 106 किलोमीटर. त्यावरून ‘डीएक्स’ आणि ‘डीवाय’ मीटरमध्ये काढून द्या. उठाव वाढवायचाच असेल तर तो ‘व्हर्ट_एग्झॅग’ या पर्यायाने, उघडपणे वाढवा आणि किती पट वाढवला ते लिहा.

सूत्रात आकडे घालून पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. वायव्येचा प्रकाश 45 अंशांवर धरला, तर सपाट जमिनीला 0.71 उजेड मिळतो, पश्चिमेकडे 45 अंश उतरणाऱ्या बाजूला 0.85 आणि तेवढ्याच उताराच्या पूर्वेकडच्या बाजूला फक्त 0.15. म्हणजे कोकणाकडे कोसळणारे उभे कडे उजळ दिसून सपाट जमिनीत मिसळतात आणि पूर्वेकडचे सौम्य उतार गडद होऊन नजरेत भरतात. सह्याद्रीचे वैशिष्ट्य तर पश्चिमेच्या कड्यांत आहे. अशा वेळी दोन-तीन दिशांच्या प्रकाशांची सरासरी घेऊन पाहा किंवा समोच्चरेषा जोडा. हेही ध्यानात ठेवा की मॅटप्लॉटलिब शेवटी सर्व मूल्ये शून्य ते एक या पल्ल्यात ताणून बसवते. त्यामुळे स्वतंत्रपणे काढलेल्या दोन नकाशांवरच्या छटांची तुलना करू नये.

उंचीचा रंग आणि उजेडाची छटा एकत्र आणल्या की रंग मळतात आणि सूचीतल्या रंगपट्टीशी जुळेनासे होतात. ‘ब्लेंड_मोड’मध्ये ‘सॉफ्ट’ निवडा आणि उजेडाचा जोर कमी ठेवा.

मराठी अक्षरे आणि छपाई

मॅटप्लॉटलिबच्या अनेक आवृत्त्यांमध्ये देवनागरी अक्षरजुळणी नीट होत नाही. नोटो किंवा मुक्ता हा फॉन्ट दिला तरी पहिली वेलांटी अक्षरानंतर पडते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात. पण तेवढ्यासाठी मराठी आकृतीत इंग्रजी नावे घालण्याचे कारण नाही. लेटेक बसवलेले असेल तर ‘पीजीएफ’ बॅकएंड आणि झीलेटेक वापरा. फॉन्ट ठरवताना लिपी देवनागरी असल्याचे सांगा. दुसरा मार्ग एसव्हीजीचा: ‘एसव्हीजी.फॉन्टटाइप’ला ‘नन’ हे मूल्य दिले की अक्षरे मजकूर म्हणूनच जतन होतात. ब्राउझर किंवा इंकस्केप ती बरोबर जुळवून दाखवतात आणि तिथून पीडीएफ करता येते.

जतन करताना चार गोष्टी सांभाळा. पोस्टस्क्रिप्टमध्ये पारदर्शकता नाही. ईपीएस फाइल केली की फिके पट्टे अपारदर्शक होऊन खालची रेषा झाकतात. पारदर्शकता वापरली असेल तर पीडीएफ घ्या. दुसरे, ‘कंटूरएफ’ची पीडीएफ उघडली की शेजारच्या पट्ट्यांमध्ये बारीक पांढऱ्या रेघा दिसतात. या पुन्हा खोट्या कडाच. पट्ट्यांच्या काठाला त्यांचाच रंग द्या. पारदर्शकता असेल तर तेवढा भाग ‘रास्टराइज्ड’ करा. दाट ‘पीकलरमेश’लाही तोच उपाय करा, नाहीतर फाइल अवाढव्य होते. तिसरे, आकृती छापायची त्याच मापात काढा. 8 सेंटिमीटरच्या स्तंभासाठी रुंदी 3.15 इंच ठेवा आणि अक्षरे 8 पॉइंटच्या खाली नेऊ नका. पीएनजी करायची असेल तर 300 डीपीआय. चौथे, प्रश्नपत्रिका किंवा वर्तमानपत्रासाठी करड्या रंगाच्या चारपेक्षा जास्त छटा वापरू नका. पुढची क्षेत्रे रेघोट्यांनी आणि ठिपक्यांनी भरा.

हे सगळे झाल्यावर आकृतीखालची ओळ लिहा, आणि त्या ओळीत प्रत्येक छटेचा अर्थ सांगा: गडद भाग म्हणजे काय, फिका म्हणजे काय, त्यांच्यामधली सीमा कशी ठरवली. एखाद्या छटेविषयी किंवा कडेविषयी असे वाक्य लिहिता येत नसेल, तर कोडमधली ती ओळ पुसून टाका आणि आकृती पुन्हा काढा.